सहा सिलिंडरच्या किंग्जवेला कोणता कार्बोरेटर? (कुंभार्ली चढत नाही)

नारळीपोफळी

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे गुहागरला आजोबांची डॉज किंग्जवे आहे, १९५२ची. प्रीमियरने कुर्ल्याला जोडलेली, म्हणजे वर डॉजचा बिल्ला आणि खाली प्लिमथ. इंजिन सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड, २१७.८ घनइंच, म्हणजे साधारण ३५७० सीसी. मूळ कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) एकनळी कार्टर, तो 'बॉल अँड बॉल' म्हणतात तो. त्याचं थ्रॉटल स्पिंडल (पाय दाबला की फिरणाऱ्या हवेच्या झडपेचा दांडा) इतकं झिजलं होतं की हाताने डगडग हलायचं. वीसेक वर्षांपूर्वी एका मिस्त्रींनी तो काढला आणि मध्ये एक प्लेट घालून अॅम्बेसिडरचा सोलेक्स बसवला. कार्टर आजही कोकमाच्या रिकाम्या बरणीत पडून आहे.

गाडी बाजारात फिरवायला छान. आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं चालणं) बरं. पण गेल्या महिन्यात कराडला लग्नाला निघालो आणि कुंभार्ली घाटात इज्जत गेली. चढाला तिसऱ्या वळणापासून दम सुटला, कार्बोरेटरमधून फट् फट् असे उलटे फटके. दुसऱ्या गिअरवर रडत-कढत वर पोचलो. परत येताना उतारावर ब्रेक मारला की इंजिन बंद! मागे आत्या बसली होती, तिने वाटेत दोनदा रामरक्षा म्हटली.

तपासलेलं: सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन १०० ते ११० पौंड. पॉइंट, कंडेन्सर, प्लग नवे. व्हॅक्यूम गेज आयडलला १५ इंच दाखवतं आणि काटा लटपटतो. प्लग काढले तर १ आणि ६ पांढरेफटक, ३ आणि ४ बिस्किटी.

आता पर्याय: जीपचा सोलेक्स, वेबर ३२/३६, एसयू, किंवा बरणीतल्या कार्टरला जिवंत करणं. काय करू?

पुणेरी_पाना

वेबर ३२/३६ लावा आणि विषय संपवा. पहिली नळी ३२ची, दुसरी ३६ची, दुसरी पाय दाबल्यावरच उघडते. गावात अर्ध्या कार्बोरेटरवर चाला, घाटात पूर्ण. जगभर जुन्या सहा सिलिंडरवाले हेच करतात. एवढ्याशा गोष्टीला धागा कशाला?

शंकासुर

पानेराव, त्या मॅनिफोल्डला (कार्बोरेटरखालची, सिलिंडरना हवा-पेट्रोल वाटणारी नळी) भोक एकच आहे. दोन नळ्या एका भोकात घुसवायला दोनातून एक होणारा अडॅप्टर लागणार, त्याची उंची वाढणार, मग बॉनेट बसणार नाही. शिवाय वेबरला तीन-साडेतीन पौंडांच्या वर पेट्रोलचा दाब चालत नाही, जास्त दाब वाटीत येणारं पेट्रोल रोखणारी नीडल उचलून धरतो. जुना मेकॅनिकल पंप त्याच्या वर सहज जातो. म्हणजे रेग्युलेटर आला. इलेक्ट्रिक पंप म्हणाल तर गाडी सहा व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थवाली, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला. तो पंप शोधा आता अप्पा बळवंत चौकात.

पुणेरी_पाना

अप्पा बळवंत चौकात पुस्तकं मिळतात.

शंकासुर

तेच म्हणतोय.

जेट_१२५

हिशोब मांडतो, मग भांडा.

चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरून हवा घेतं. हे इंजिन ३६०० फेऱ्यांना आपली पूर्ण ९७ अश्वशक्ती देतं. म्हणजे मिनिटाला १८०० वेळा ३.५७ लिटर, झाले ६४०० लिटर. जुनं फ्लॅटहेड कधीच काठोकाठ भरत नाही, ७५ टक्के धरू. मिनिटाला सुमारे ४८०० लिटर, इंग्रजी हिशोबात १७० घनफूट.

तीच रीत अॅम्बेसिडरच्या १४८९ सीसीला लावा. ४२०० फेऱ्यांना साधारण २३५० लिटर. म्हणजे तुमच्या गाडीवर जो बसलाय तो हिला लागणाऱ्या हवेच्या निम्म्यासाठी बनलेला. उलटं गणित केलं तर १७५० फेऱ्यांनाच तो आपल्या मापाला पोचतो. सपाटीवर साठच्या वेगाला तुमचं इंजिन जवळपास तेवढंच फिरत असेल, आणि तेही अर्ध्या पायावर, म्हणून बाजारात काही जाणवत नाही. घाटात दुसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला की मग त्याला धाप लागते. १७५०ला भिंत उभी नसते, पण तिथून पुढे तो इंजिनाचा गळा धरतो.

जीपचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन २२०० सीसीचं. ४००० फेऱ्यांना ३३०० लिटर. तो कार्बोरेटर तुमच्या इंजिनाला २५०० फेऱ्यांपर्यंत पुरेल. कोकणातल्या रस्त्यावर किंग्जवे त्याच्या वर किती वेळ राहते, तुम्हीच सांगा.

सोलेक्सची एक सोय अशी की आतली व्हेंच्युरी, म्हणजे मधली बारीक कमरेची नळी, सुटी निघते. तिच्यावर मिलिमीटरचा आकडा कोरलेला असतो. तेवढ्याच वेगाने दुप्पट हवा न्यायची तर व्यास दुप्पट नाही, दोनच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १.४ पट वाढवावा लागतो. अॅम्बेसिडरवाल्यात समजा २४ची नळी असेल तर तुम्हाला ३३-३४ हवी. ३२च्या बॉडीत ती मावणारच नाही. जीपवाल्यात थोडी मोठी नळी बसवून गाडं सुधारेल. मेन जेटचा, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाचा, आकडा सुरुवातीला व्हेंच्युरीच्या चार ते पाचपट धरायचा: २८ची नळी असेल तर ११२ ते १४०, आणि आजच्या पेट्रोलला वरच्या बाजूने सुरू करा. हे आकडे मिलिमीटरचे शंभरावे भाग, १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर. (हो, माझं नाव तिथूनच.)

आजच्या पेट्रोलचं का म्हणालो? शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के मिसळलेल्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आपोआप सात-आठ टक्के लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. जेटचं क्षेत्रफळ तेवढं वाढवायचं तर व्यास चारेक टक्के, १२५चा १३०. जेट ड्रिल बिटने मोठे करू नका. भोक वेडंवाकडं होतं आणि मग आकड्याला काही अर्थ उरत नाही. नवे आणा.

मालवणी_मेवा

माझ्या पावण्याकडे कणकवलीक जुनी शेवरलेट आसा, सहा सिलिंडरवाली. तेणी तीन कार्बोरेटर बदलले रे! मुंबैसून मागवले, कोल्हापुरासून आणले. शेवटाक बगता तर डिस्ट्रिब्युटराचो कंडेन्सर गेललो. म्हणान सांगतंय, कार्बोरेटराक गाळी घालूच्या आदी इग्निशन बगा. ह्येणी बगलेला आसा म्हणा, पण नवो कंडेन्सर म्हणजे बरो कंडेन्सर न्हय. आजकाल नवेच खोटे निगतत.

टॅपेटकाका

पोरांनो, गणित बरोबर आहे, पण मला एक सांग नारळ्या. त्या सोलेक्सची फ्लोटची वाटी, पेट्रोल साठतं ती, कुणीकडे आहे? गाडीच्या तोंडाकडे की तुझ्या काचेकडे?

नारळीपोफळी

काका, बघून सांगतो. (दहा मिनिटांनी) काचेकडे! मागे.

टॅपेटकाका

मग अर्धं उत्तर तिथेच आहे. चहाची बशी घेऊन एसटीत बस आणि गाडी चढाला लागली की बघ चहा कुठे जातो. मागे. वाटी मागे असेल तर चढाला पेट्रोल वाटीत खाली राहतं आणि पुढची नोझल उंच जाते. नोझलपर्यंत पेट्रोल ओढायला जास्त जोर लागतो, गाडी लीन होते आणि फटके मारते. उतारावर नेमकं उलटं. नोझल खाली, वाटी वर, त्यात ब्रेक मारलास की पेट्रोल नोझलमधून आपोआप सांडतं. इंजिन पेट्रोल पिऊन मरतं. तुझ्या आत्याने रामरक्षा कार्बोरेटर उलटा बसवला म्हणून म्हटली.

वाटी नेहमी गाडीच्या तोंडाकडे. चढाला थोडी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, झाली तर चालते, लीन झाली तर व्हॉल्व्ह जळतात. त्या मिस्त्रीने असं का केलं ते मला माहितेय. वाटी पुढे घेतली की थ्रॉटलचा लिव्हर दुसऱ्या बाजूला जातो आणि उलटा फिरतो. मूळ सळई जुळत नाही. म्हणून सोपं केलं. मीही तरुणपणी एका गाडीला हेच केलंय, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाईक आंबा घाटातून परत आलं आणि मला पाना फेकून मारला.

शंकासुर

काका, मग काटा १५ इंचावर लटपटतो तो का? त्याला वाटी जबाबदार नाही.

टॅपेटकाका

ती प्लेट एअर घेत असणार. समुद्रसपाटीला बसलाय हा, चांगल्या इंजिनाने १८ ते २० इंच स्थिर द्यायला हवं. १ आणि ६ पांढरे आणि मधले ठीक, हे वाटीमुळेही होतं. एकच कार्बोरेटर मध्ये आणि दोन्ही टोकांचे सिलिंडर लांब, लीन झालं की उपाशी तेच आधी राहतात. पण लीक असेल तर भर पडते. गाडी आयडलला ठेव आणि प्लेटच्या कडेने थोडं कार्ब क्लीनर मार. रेस बदलली की समज. एक्झॉस्ट तापलेला असेल तर नको मारू, सकाळी पहिल्यांदा सुरू करशील तेव्हा मार. आणि जवळ वाळूची बादली ठेव.

पुणेरी_पाना

एसयूबद्दल कुणी बोललं नाही. त्याचा पिस्टन स्वतःच व्हॅक्यूमप्रमाणे वर-खाली होतो, व्हेंच्युरीचा हिशोबच नको. पावणेदोन इंचाचा एक एसयू पुरेल.

जेट_१२५

पुरेल. डोक्याने सर्वांत सुंदर उत्तर तेच. पण एसयू आडवा बसतो आणि तुमचा मॅनिफोल्ड वरून खाली घेतो. कोपर बनवा, त्याचं वजन सांभाळायला ब्रॅकेट बनवा, आणि मग मॅनिफोल्डखालची एक्झॉस्टची ऊब नेमकी कुठे पोचते ते बघा. एवढं करायची हौस असेल तर माझा नमस्कार.

उबेवरून आठवलं. या इंजिनाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये एक झडप असते, थंडीत गरम वायू इनटेकखाली फिरवायला, स्प्रिंग आणि वजनावर चालणारी. खाऱ्या हवेत ती बहुतेक गाड्यांत गंजून एका जागी अडकलेली असते. गरम बाजूला अडकली असेल तर कार्बोरेटर सतत भाजतो, वाटीतलं पेट्रोल उकळतं, आणि गरम इंजिन पुन्हा चालू करताना तासभर सेल्फ मारावा लागतो. असं होतं का?

नारळीपोफळी

होतं! शृंगारतळीला भाजी घेऊन आलो की दरवेळी. मी बॅटरीला शिव्या घालत होतो.

जेट_१२५

रॉकेल आणि ग्रॅफाइट. दोन-तीन दिवस भिजत ठेवा आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने शाफ्टच्या टोकाला हलकेच टक् टक्. मोकळी झाली तर उत्तम. नाही झाली तर कोकणात ती थंड बाजूला बांधून टाकली तरी काही बिघडत नाही. जानेवारीतली सकाळची दोन मिनिटं सोडली तर तिची गरज नाही.

शंकासुर

कायद्याची माशी सोडतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए अक्षरांची पाटी मिळते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. पण गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. आणि रोजच्या वापराला काढता येत नाही. भाजीचं काय ते तुम्ही ठरवा. कार्बोरेटर बदलल्याने इंजिन बदलत नाही, पण मॅनिफोल्ड कापू नका. एकदा कापला की मूळ परत येत नाही.

टॅपेटकाका

हे मात्र खरं बोललास. अडॅप्टर असा कर की उद्या काढला तर खाली सगळं जसंच्या तसं. मॅनिफोल्डला एकही नवं भोक पाडू नकोस.

प्लेट कशी करायची ते ऐक. दोन्ही फ्लँजच्या बोल्टमधलं अंतर व्हर्नियरने माप, डोळ्यांनी नको. जीपचा कार्बोरेटर हातात आल्याशिवाय मापं देऊ नको. हायलम (राळ घालून दाबलेली कडक शीट) घे, बारा मिलिमीटरचं. अॅल्युमिनियम चालतं, पण हायलम उष्णता वर जाऊ देत नाही, आणि तुला नेमका तोच त्रास आहे. वरचं भोक कार्बोरेटरएवढं, खालचं मॅनिफोल्डएवढं, आणि मध्ये उतार. पायरी ठेवलीस की त्या कडेवर पेट्रोलचे थेंब जमतात, मग एका सिलिंडरला पूर आणि दुसऱ्याला दुष्काळ. दोन्ही तोंडं काचेवर पॉलिश पेपर ठेवून घास. दोन्हीकडे पॅकिंग. बोल्ट सारखे आवळ, एका बाजूने ताणलंस की हायलम वाकतं.

थ्रॉटलला रिटर्न स्प्रिंग दोन लाव. एक तुटली तर दुसरी. घाटात पाय उचलल्यावर गाडी पळतच राहिली तर रामरक्षेलाही वेळ मिळत नाही.

मालवणी_मेवा

काकांक दंडवत. वाखु (वाचनखूण) साठवलंय.

नारळीपोफळी

तीन आठवडे गायब होतो, माफी. अपडेट देतो.

आधी काकांच्या सांगण्याप्रमाणे क्लीनर मारलं. मागच्या बोल्टजवळ रेस धाडकन बदलली. प्लेट काढली तर ती अॅल्युमिनियमची, काचेवर ठेवली तर केळ्यासारखी वाकलेली. खालून कागद सरकत होता. वीस वर्षं ती एअर घेत होती आणि आम्ही आयडलचा स्क्रू फिरवत बसलो होतो.

कोल्हापुरातून जुन्या जीपचा सोलेक्स मिळवला. स्पिंडल घट्ट, बॉडी साफ. आत २६ची व्हेंच्युरी. खेर्डी एमआयडीसीत एका लेथवाल्याने ती २८ला फिरवून दिली. (एक जुनी जादाची नळी सोबत होती म्हणून धीर झाला. एकच असेल तर करू नका.) हायलमची प्लेटही त्याच्याकडेच, तीनदा चकरा मारून. पहिल्या वेळी त्याने पायरी ठेवली. मी म्हटलं उतार हवा, तो म्हणाला आतून कोण बघणार आहे?

वाटी तोंडाकडे घेतली. लिव्हर उलटा झाला तो जुळवायला बेलक्रँकची (ओढीची दिशा फिरवणारी) छोटी पट्टी बनवली, मूळ सळईला हात लावला नाही. यातच सगळ्यात जास्त दिवस गेले, कार्बोरेटरपेक्षा जास्त. पहिल्या जुळणीत पाय पूर्ण दाबला तरी झडप तीन-चतुर्थांशच उघडत होती. हे बायकोने पाय दाबून धरला आणि मी वरून टॉर्च मारली तेव्हा कळलं. नाहीतर मी जेट बदलत बसलो असतो.

डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी आधी मी मॅनिफोल्डच्या बाजूच्या भोकाला जोडली होती. आयडलला इंजिन विचित्र पळायला लागलं. मग थ्रॉटलच्या झडपेच्या वरच्या अंगाला जो बारीक निपल असतो त्याला जोडली. तिथे आयडलला व्हॅक्यूम नसतो, पाय दिल्यावर येतो. शांत झाली.

मेन जेट १३०ने सुरू केलं. १ आणि ६ अजून फिकट. १३५. मग १४०. आता सहाही प्लग बिस्किटी, ६ किंचित फिका, चालेल. एअर जेटला हात लावला नाही. व्हॅक्यूम १९, काटा ठाम.

एक्झॉस्टची झडप मोकळी झाली नाही, तारेने थंड बाजूला बांधली. शृंगारतळीहून परत येताना पहिल्या सेल्फला सुरू होते.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. पंपावरच्या काचेच्या वाटीत तळाला वेगळा थर दिसला, पाण्यासारखा. पावसाळाभर गाडी अर्ध्या टाकीवर उभी होती. टाकी पूर्ण उपसली, तांब्याभर गढूळ निघालं.

जेट_१२५

इथेनॉल हवेतली ओल पितं. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. आपल्याकडच्या जून-जुलैच्या हवेत अर्धी रिकामी टाकी म्हणजे त्याची सोयच. पावसाळ्यात एकतर काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा. पंपाचा पडदा आणि रबरी नळ्याही बदलून घ्या, जुन्या रबराला हे पेट्रोल सोसत नाही.

पुणेरी_पाना

मुद्द्याचं सांगा. कुंभार्ली?

नारळीपोफळी

रविवारी गेलो. आत्या आली नाही.

खालपासून वरपर्यंत दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरवर. एकही फटका नाही. एका वळणावर पुढे उसाचा ट्रक थांबला, चढावर उभी करून पुन्हा सुटली. उतारावर मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघितले, चालू राहिली. पाटणच्या पुढे सपाटीला सत्तरच्या वर पाय दाबला तर जेटदादा म्हणाले तसं पुढे फारसं काही मिळत नाही, गळा धरल्यासारखं वाटतं. पण सत्तरच्या वर त्या ड्रम ब्रेकवर मला जायचंही नाही. लिटरला साडेसहा किलोमीटर पडले.

शंकासुर

आणि बरणीतला कार्टर?

नारळीपोफळी

त्याची बॉडी धड आहे. लेथवाल्याने स्पिंडलच्या भोकांना पितळी बुश घालून दिलेत, आता डगडग नाही. चामड्याच्या पंपवॉशरचा आणि पॅकिंगचा किट मागवलाय, अजून आलेला नाही. आला की बसवून बघेन, हायलमची प्लेट काढली की खाली सगळं मूळ आहेच. तोवर जीपवाला.

पुणेरी_पाना

आणि अॅम्बेसिडरवाला विकणार असाल तर सांगा. आमच्या इथे एकाला हवाय.

नारळीपोफळी

उशीर झाला. शेजारच्या खोतांच्या अॅम्बेसिडरला बसवला काल. तिसऱ्या सेल्फला सुरू झाली.

टॅपेटकाका

वाटी कुणीकडे?

नारळीपोफळी

तोंडाकडे, काका.